विद्यार्थी परिषद, निवडणूक आणि संघटना: पुण्यातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाची गडबड संपली की हे प्रश्न यायला लागतात आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत येत राहतात. विचारणारे बहुतेक जण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांतले किंवा गणेशखिंडीच्या आवारातल्या विभागांतले असतात, म्हणून उत्तरं त्यांना धरून लिहिली आहेत. अभिमत आणि खासगी विद्यापीठांतल्यांनी आधी प्रश्न ४ पाहावा. प्रश्नांची भाषा शक्यतो आली तशीच ठेवली आहे.

१. पुण्यात कॉलेजच्या निवडणुका होतात की नाही? एक जण हो म्हणतो, एक जण नाही.

दोघेही बरोबर आहेत. कायद्यात निवडणूक आहे, पण प्रत्यक्षात ती अडकून पडली.

पूर्वी महाराष्ट्रात थेट निवडणुका व्हायच्या. जीएस (जनरल सेक्रेटरी), यूआर (युनिव्हर्सिटी रिप्रेझेंटेटिव्ह) हे शब्द आजही काकालोकांच्या तोंडी असतात ते त्या काळातले. मतदानाआधी यूआर मंडळींना पळवून नेऊन लोणावळा-महाबळेश्वरला ठेवायचे, हे किस्सेही त्याच काळातले. हाणामाऱ्या वाढल्या, १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट मतदान बंद केलं. त्याऐवजी वर्गात पहिला येणारा विद्यार्थी प्रतिनिधी, आणि क्रीडा, सांस्कृतिक, एनसीसी, एनएसएस यांतले प्राचार्यांनी नेमलेले काही जण, अशी परिषद आली.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ९९ ने थेट निवडणूक परत आणली. नियम २०१८ मध्ये निघाले. २०१९-२० साठी वेळापत्रकही जाहीर झालं. मग पूर आला, विधानसभेची निवडणूक आली, कार्यक्रम पुढे ढकलला गेला आणि पाठोपाठ कोविड आला. तेव्हापासून दर जूनमध्ये हाच प्रश्न पुन्हा पहिल्या क्रमांकावर असतो.

‘यंदा निवडणूक होणार’ अशी बातमी वाचलीत तर बातमीवर थांबू नका. विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाचं परिपत्रक आणि तुमच्या कॉलेजची तारखेसह नोटीस, हे दोन कागद दिसेपर्यंत निवडणूक लागलेली नसते.

२. मग आमच्या वर्गात सीआर आहे तो कोण? सरांनी पहिल्याच तासाला ‘तू हो रे’ म्हटलं आणि झाला.

तो वर्गाचा समन्वयक आहे. कुठे गुणांवरून, कुठे हात वर करून, कुठे वर्गशिक्षकांच्या पसंतीने असे सीआर ठरतात. वेळापत्रक ग्रुपवर टाकणं, असाइनमेंट गोळा करणं, सर कुठे आहेत ते शोधून आणणं ही त्याची कामं. कलम ९९ च्या परिषदेचा सदस्य वेगळा. त्याच्यामागे मतदान असतं आणि त्याला समित्यांवर जागा असते.

तरी या सीआरला कमी लेखू नका. स्टाफरूमचं दार रोज उघडणारा तोच असतो.

३. निवडणूक लागलीच तर मी नेमकी किती मतं द्यायची? आणि कोणाकोणाला?

कॉलेज पातळीवर पाच. एक तुमच्या वर्गाच्या प्रतिनिधीसाठी. उरलेली चार सगळ्या कॉलेजच्या पदांसाठी: अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी. राखीव प्रवर्गाची जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्यात आलटून-पालटून फिरते. मत मात्र चारही पदांना सगळे देतात, मुलगे महिला प्रतिनिधीलाही.

विद्यापीठ पातळीवर तुमचं थेट मत नसतं. कॉलेजांच्या आणि विभागांच्या परिषदांचे पदाधिकारी तिथे मतदार असतात. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांचा पसारा आहे, त्यामुळे ‘आमच्या कॉलेजची दोन हजार पोरं माझ्यामागे आहेत’ याला तिथे काही किंमत राहत नाही. त्या निवडणुकीत संगमनेर किंवा मनमाडच्या कॉलेजच्या सचिवाचं मतही डेक्कनवरच्या सचिवाइतकंच मोजतात. विद्यापीठ परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव पुढे अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये बसतात.

४. मी सिम्बायोसिसला आहे. माझा मित्र सीओईपीला, मैत्रीण भारती विद्यापीठात. आम्हाला हे लागू आहे का?

२०१६ चा कायदा तिघांनाही लागू नाही. सिम्बायोसिस आणि भारती ही अभिमत विद्यापीठं. गोखले इन्स्टिट्यूट, डेक्कन कॉलेज, टिळक महाराष्ट्र विद्यापीठही त्याच रांगेत. सीओईपी २०२२ पासून स्वतःच्या वेगळ्या कायद्याने चालणारं तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. एमआयटी-डब्ल्यूपीयूसारखी खासगी विद्यापीठं आणखी वेगळी. अशा ठिकाणी विद्यार्थी परिषद, जिमखाना किंवा क्लब ज्या नियमांनी चालतो ते नियम संस्थेचेच असतात. प्रवेशाच्या वेळी जी जाडजूड पुस्तिका मिळते तिच्यात ते असतात. ती उघडा. सहसा कोणी उघडत नाही, आणि वादात उघडणाराच जिंकतो.

स्वायत्त कॉलेजांची गल्लत मात्र करू नका. स्वायत्त असलं तरी कॉलेज पुणे विद्यापीठाशी संलग्नच राहतं, त्यामुळे या कायद्याच्या कक्षेत येतं.

५. एफटीआयआयमध्ये पोरांची युनियन आहे, संप वगैरे करतात. मग आमच्याकडेच का नाही?

लॉ कॉलेज रोडवरची ही संस्था केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाखाली येते. राज्याच्या विद्यापीठ कायद्याने तिथली विद्यार्थी संघटना कधी बंदही झाली नाही आणि चालूही झाली नाही. २०१५ मध्ये अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध तिथल्या विद्यार्थ्यांचा संप १३९ दिवस चालला. नेमणूक काही रद्द झाली नाही.

तुलना करताना आकार लक्षात घ्या. तिथे काही शे विद्यार्थी, बरेच आवारातच राहणारे, एकमेकांना नावाने ओळखणारे. तुमच्या कॉलेजात सकाळच्या शिफ्टचा कॉमर्सवाला दुपारच्या सायन्सवाल्याला तीन वर्षांत एकदाही भेटत नाही.

६. उभं राहायचं तर पात्रता काय? मला एक एटीकेटी आहे.

देशभराची चौकट लिंगडोह समितीची आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ च्या आदेशाने लागू केल्या. त्यानुसार पदवीचे विद्यार्थी १७ ते २२ वर्षांचे, पदव्युत्तर २४-२५ पर्यंत, संशोधक २८ पर्यंत. हजेरी कॉलेजने ठरवलेली किंवा ७५ टक्के, यांपैकी जी जास्त असेल ती. उभं राहता त्या वर्षी विषय मागे राहिलेला नसावा. गुन्हेगारी खटला किंवा शिक्षा नसावी, आणि कॉलेजने शिस्तभंगाची कारवाई केलेली नसावी. पदाधिकारी म्हणून आयुष्यात एकच संधी, कार्यकारिणी सदस्य म्हणून दोन.

एटीकेटी असेल तर अर्ज छाननीत जाणार असं धरून चाला. पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायचा असेल तर काय धरतात ते अर्ज भरण्याआधीच निवडणूक अधिकाऱ्यांना विचारा. राज्याच्या नियमांत वयाच्या आणि इतर अटी वेगळ्या शब्दांत आहेत, म्हणून अर्जासोबत मिळणारा पात्रतेचा तक्ता शेवटपर्यंत वाचा.

हजेरीचं आधीच पाहून ठेवा. कलामंडळाची मुलं पुरुषोत्तम आणि फिरोदिया या कॉलेजांच्या करंडक स्पर्धांच्या तालमींत ऑगस्टपासून वर्गाबाहेर असतात. कॉलेजमध्ये सगळ्यात जास्त ओळख त्यांचीच, आणि हजेरीवर अडकणारेही तेच. तालमीचे तास हजेरीत धरायचे असतील तर त्याचं पत्र तालीम चालू असतानाच घ्यावं लागतं. करंडक जिंकल्यावर सर खूश असतात खरे, पण कार्यालयाला कागद लागतो.

७. मी यात बसतो का? (अकरावी-बारावी, बहिःस्थ, सर्टिफिकेट कोर्स, स्पर्धा परीक्षा)

अकरावी-बारावी: नाही. आवार एकच असलं तरी तुम्ही विद्यापीठाचे विद्यार्थी नाही.

बहिःस्थ किंवा दूरशिक्षण: नाही. नियमित, पूर्णवेळ विद्यार्थीच.

सर्टिफिकेट कोर्स: अभ्यासक्रम पूर्णवेळ आणि किमान एक वर्षाचा हवा. संध्याकाळचा सहा महिन्यांचा भाषेचा वर्ग त्यात बसत नाही.

सदाशिव-नवी पेठेत राहून एमपीएससी करणारे: कुठल्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाला प्रवेश नसेल तर नाही. ११ मार्च २०२१ ला परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली तेव्हा शास्त्री रस्ता अडवणारी हीच मुलं होती. शहरातला विद्यार्थ्यांचा सगळ्यात मोठा आवाज त्यांचा, आणि त्यांना परिषद नाही, मत नाही, प्राचार्यही नाहीत. नुसत्या निवडणुकीसाठी एखाद्या एम.ए.ला नाव घालायचा विचार असेल तर प्रश्न ६ मधली हजेरीची अट पुन्हा वाचा.

८. मी मुलगी आहे. मला सगळे ‘एलआरला उभी राहा’ म्हणतात. अध्यक्षपदाला राहता येत नाही का?

येतं. महिला प्रतिनिधीची जागा फक्त मुलींसाठी आहे, पण बाकीच्या जागा फक्त मुलांसाठी नाहीत. ‘एलआर घे ना, सोपं आहे’ असं सांगणारा बहुधा स्वतः अध्यक्षपदाला उभा असतो.

अडचण वेगळीच आहे आणि ती खरी आहे. बैठका रात्री नऊनंतर चहाच्या टपरीवर होतात आणि वसतिगृहाचं फाटक त्याआधी बंद होतं. ठरतं सगळं तिथेच, दुसऱ्या दिवशी तुम्हाला फक्त कळवलं जातं. पहिल्याच दिवशी मागणी करा: बैठक दुपारी, कॉलेजच्या आवारात, आणि जे ठरलं ते ग्रुपवर लिखित. मुलींइतकाच त्याचा फायदा पीएमपीने तळेगाव-लोणीकंदहून येणाऱ्या मुलांना होतो, त्यामुळे पाठिंबा मिळतो.

९. प्रचाराला किती खर्च करता येतो? फ्लेक्स लावू का?

लिंगडोह चौकटीत एका उमेदवाराला ५,००० रुपये. निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेला हिशेब द्यायचा. राजकीय पक्षाचे पैसे अजिबात नाहीत.

फ्लेक्स नाही. छापील पोस्टर नाही, छापील पत्रकही नाही. हाताने केलेली पोस्टर चालतात, तीही कॉलेजने आधी ठरवून दिलेल्या जागीच. लाउडस्पीकर, गाड्यांची रॅली आणि आवाराबाहेर मिरवणूक नाही. प्राण्यांचाही स्वतंत्र उल्लेख आहे, म्हणजे कोणी तरी घोड्यावरून आलं असणार. जात-धर्माच्या नावाने आवाहन नाही. मतदानाच्या दिवशी पाण्याशिवाय काहीही वाटायचं नाही. वडापाव नाही, चहासुद्धा नाही.

पुण्यात गल्लीतल्या प्रत्येक होतकरू दादाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागतो, त्यामुळे ‘एवढं तर चालतंच’ असं वाटतं. तुमच्या नकळत एखाद्या नगरसेवकाने शुभेच्छांचा फ्लेक्स लावला तरी तक्रार तुमच्यावरच होणार. तसं झालं तर त्याच दिवशी निवडणूक अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि फ्लेक्स उतरवल्याचा फोटो ठेवा. परवानगीशिवाय शहरात भिंती आणि खांब रंगवणं हा १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे, त्याचा कॉलेजशी संबंध नाही.

पाच हजारांत भागतं का? आरामात. कार्डशीट, स्केचपेन, चिकटपट्टी, थोड्या झेरॉक्स. अप्पा बळवंत चौकातून घाऊक घेतलंत तर पैसे उरतात. बिल मात्र प्रत्येक वस्तूचं घ्या, कारण भांडण होतं ते हिशेबावर.

१०. व्हॉट्सॲप आणि इन्स्टावरचा प्रचार मोजतात का?

लिंगडोहच्या शिफारशी २००६ च्या, त्यांत व्हॉट्सॲपचं नावही नाही. म्हणून ‘नियम नाही तर सगळं चालतं’ असं उमेदवार समजतात. पैसे देऊन केलेली जाहिरात खर्चात धरली जाणार, आणि प्रतिस्पर्ध्याची बदनामी कागदावर केली काय नि रीलमध्ये केली काय, आचारसंहितेचा भंगच. वर्गाचा अधिकृत ग्रुप, जिथे शिक्षक आहेत, तो प्रचाराला वापरू नका. त्या ग्रुपवर प्रचार केल्याने मतं मिळत नाहीत, फक्त स्क्रीनशॉट निघतात.

११. दादा, मी लातूरचा आहे. पुण्यातली पोरं फाडफाड बोलतात. वर्गात उभं राहून काय बोलू?

वक्तृत्व स्पर्धेची सवय असलेली मुलं इथे भरपूर आहेत आणि ती वर्गात उभी राहिली की ‘आदरणीय व्यासपीठ’ पासून सुरू करतात. मागच्या बाकावर तोपर्यंत मोबाइल निघालेले असतात.

तासाच्या आधी दोन मिनिटं मिळतात, तीही सर भले असतील तर. त्यात तीन गोष्टी सांगा: मी कोण, कुठल्या वर्गातला. या कॉलेजातली कुठली एक गोष्ट मी लावून धरणार. आणि ती कशी. साधारण असं:

‘मी एसवायबीएस्सीला आहे, कॉटबेसिसवर राहतो. आपली रीडिंग रूम सहाला बंद होते. खोलीत आम्ही सहा जण आहोत, तिथे अभ्यास होत नाही. परीक्षेच्या महिन्यात ती रात्री नऊपर्यंत उघडी राहावी म्हणून मी ग्रंथपालांना भेटलो. त्यांना एक शिपाई वाढवून हवा आहे, तेवढाच प्रश्न आहे. तो मी महाविद्यालय विकास समितीत नेणार.’

बस. यात घोषणा एकही नाही, पण काम आधीच सुरू झालेलं आहे. ग्रंथपालांना खरंच भेटून मगच हे बोला. न भेटता बोललात तर कोणी तरी जाऊन विचारतंच.

बोली बदलू नका. पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या कॉलेजात मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर इकडून आलेल्यांची संख्या भरपूर असते. ‘करायलो’, ‘जायलो’ ऐकल्यावर अर्धा वर्ग मान वर करून बघतो. हसतील तेही चार जण. त्यांची मतं तशीही तुम्हाला मिळणार नव्हती.

१२. कुठल्या संघटनेत जावं? न जाता काही करता येतं का?

येतं, पुढचाच प्रश्न तो आहे. पण संघटना म्हणजे काही तरी वाईट, हे घरच्यांचं मत आहे तसं घेऊ नका. वर्षानुवर्षं परीक्षा विभागाशी झगडणारे, अर्ज कसा लिहायचा ते जाणणारे लोक तिथे भेटतात.

पुण्यात तुम्हाला भेटतील त्या अशा: एआयएसएफ (१९३६), अभाविप (१९४९), एसएफआय (१९७०), एनएसयूआय (१९७१), छात्रभारती, शिवसेना-मनसे-राष्ट्रवादी यांच्या विद्यार्थी आघाड्या. युक्रांद (युवक क्रांती दल) तर पुण्यातलीच, डॉ. कुमार सप्तर्षींच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात उभी राहिलेली. शरद पवारही बीएमसीसीत शिकताना विद्यार्थी राजकारणातूनच पुढे आले. या प्रत्येकीला एक विचार आहे आणि बहुतेकींच्या मागे एक पक्ष किंवा परिवार आहे. कोणाची बाजू घ्यावी हे इथे सांगणार नाही.

सामील होण्याआधी विचारायचे प्रश्न सांगतो. शहराध्यक्ष सध्या कुठे शिकतात? (उत्तर ‘ते आता बिझनेस बघतात’ असं येईल, त्यावरून काय ते समजा.) वर्गणीची पावती मिळते का? तुमचा फोटो फ्लेक्सवर टाकण्याआधी विचारतात का? मागच्या वर्षी उचललेल्या एखाद्या प्रश्नाचं पुढे काय झालं, हे सांगता येतं का? शेवटच्या प्रश्नावर गडबडले तर ती संघटना निवेदनाच्या फोटोपुरती आहे.

निवडणूक काळात लिंगडोहचा नियम कडक आहे: कॉलेजच्या पटावर नाव नसलेल्या माणसाने प्रक्रियेत कुठल्याही नात्याने भाग घ्यायचा नाही. त्यामुळे बाहेरचा दादा फाटकाबाहेरच.

१३. निवडणूकच नाही, तर मी करू काय? तीन वर्षं अशीच जाणार का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं. विद्यार्थ्यांना बसायला ज्या खुर्च्या कायद्याने आणि नियमांनी ठेवल्या आहेत, त्यांतल्या कित्येक रिकाम्या असतात किंवा प्राचार्यांच्या ओळखीतल्या एखाद्या हुशार, गप्प मुलीच्या नावावर असतात. तिला स्वतःला ते माहीत नसतं.

अंतर्गत तक्रार समिती. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची ही समिती प्रत्येक कॉलेजला सक्तीची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांनुसार प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर तीत तीन विद्यार्थी हवेत, आणि ते लोकशाही पद्धतीने निवडलेले हवेत. म्हणजे विद्यार्थी परिषदेची निवडणूक बंद असली तरी ही निवड व्हायला हवी. तुमच्या कॉलेजात ती कधी झाली, एवढंच विचारा. मग प्रश्न १४.

विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीचे २०२३ चे नियम. यात एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो, गुणवत्ता किंवा खेळ-कलेतल्या कामगिरीवर नेमलेला, मुदत एक वर्ष. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं.

महाविद्यालय विकास समिती. कलम ९७. पैसा आणि इमारत इथे ठरते. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव हिचे सदस्य असतात, त्यामुळे निवडणूक नसली की या दोन खुर्च्या मोकळ्या राहतात. सदस्य होता आलं नाही तरी तुमचा विषय बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा असं पत्र प्राचार्यांना देता येतं.

याशिवाय नॅकसाठीची (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेसाठीची) गुणवत्ता कक्षाची समिती असते, तिच्यावरही विद्यार्थी असतो. नॅकची टीम येणार असली की कॉलेजला विद्यार्थी प्रतिनिधींची अचानक आठवण होते. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, रॅम्प ही कामं त्या काळात मागा. एरवी दोन वर्षं लागतील ते काम दोन आठवड्यांत होतं.

एनएसएसही सोडू नका. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. गावात जाऊन पन्नास जणांचं जेवण वेळेवर लावलंत की कुठलीही सभा चालवता येते.

१४. निवेदन दिलं, फोटो काढला, पुढे काहीच झालं नाही. कुठे चुकतं?

दुसऱ्या प्रतीवर. निवेदनाच्या दोन प्रती न्यायच्या. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती आपल्याकडे ठेवायची. प्राचार्यांच्या हातात पुष्पगुच्छासारखं दिलेलं निवेदन टेबलावरच राहतं. आवक-जावक टेबलावर नोंदलेल्या कागदाचं उत्तर कोणाला तरी द्यावं लागतं.

एका निवेदनात एकच मागणी. ‘विविध मागण्यांचे निवेदन’ दिलं की उत्तरही विविध आणि गुळमुळीत येतं. खाली नावं, वर्ग, हजेरी क्रमांक, सह्या. मागणीखाली तारीख: अमुक दिवसापर्यंत लेखी कळवावे.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. अनुदानित कॉलेज आणि विद्यापीठ दोन्ही त्यात येतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तर ३० दिवसांत. ‘माझ्या निवेदनावर (आवक क्रमांक अमुक) केलेल्या कार्यवाहीची प्रत द्यावी’ एवढं एक वाक्य पुरतं. ‘का केलं नाही’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर द्यायला ते बांधील नसतात, कागदाची प्रत द्यायला असतात.

१५. बोललो तर सर इंटर्नलला मार्क कापतील का?

भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने जाऊ नका आणि तोंडी जाऊ नका. पाच वेगवेगळ्या वर्गांतली नावं असलेल्या कागदावर राग काढायला एक शिक्षक पुरा पडत नाही. प्रश्न व्यक्तीचा न करता सोयीचा करा: ‘अमुक सर शिकवत नाहीत’ ऐवजी ‘अमुक विषयाचे इतके तास झाले नाहीत, वेळापत्रक जोडले आहे’.

गुण खरंच कापले असं वाटलं तर बाकीच्या तुकडीचे गुण, जमा केलेल्या असाइनमेंटची पोच आणि प्रश्न १३ मधली तक्रार निवारण समिती. पोच मागायची सवय पहिल्या असाइनमेंटपासून लावा, भांडण झाल्यावर मागितली तर मिळत नाही.

१६. आंदोलनात गुन्हा दाखल झाला तर सरकारी नोकरी जाते का? पासपोर्ट?

आपोआप जात नाही. पण चारित्र्य पडताळणीच्या अर्जात ‘तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का’ हा रकाना असतो, आणि तिथे ‘नाही’ लिहिणं हे मूळ गुन्ह्यापेक्षा महागात पडतं. माहिती दडवल्याच्या प्रकरणांत काय पाहायचं हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात सांगितलं आहे. तरुणपणी घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा असेल तर नियोक्त्याला तो नजरेआड करता येतो, पण खरं लिहिणं ही उमेदवाराची जबाबदारी. पासपोर्टच्या बाबतीत खटला न्यायालयात चालू असेल तर परवानगीचं काम वाढतं. वकिलाकडे जा, मित्राच्या मामाकडे नको.

टाळायचं असेल तर आधीच पाहा. आवारात धरणं असेल तर कॉलेजला लेखी कळवा. फाटकाबाहेर रस्त्यावर असेल तर हद्दीतल्या पोलिस ठाण्यात अर्ज द्या आणि जमावबंदी लागू आहे का ते विचारा. पूर्वीचं १४४ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं आहे. गणपतीच्या दिवसांत बंदोबस्तामुळे परवानगी मिळणं अवघड, तेव्हा तारीख पुढची धरा. अर्जावर ज्याची सही असते त्याच्याच नावाने पहिली नोटीस येते, म्हणून ‘तू कर रे सही’ म्हणणाऱ्या सीनियरला आधी स्वतःची करायला सांगा.

१७. घरचे म्हणतात, तुला शिकायला पाठवलंय, राजकारण करायला नाही.

त्यांच्याशी तत्त्वावर वाद घालू नका. गुणपत्रिका दाखवा, हजेरी दाखवा, आणि रात्री दहानंतर फोन उचला. गावाकडे बातमी पोचते ती फ्लेक्सवरच्या फोटोची, रीडिंग रूमची वेळ वाढवल्याची नाही. ती तुम्हीच सांगा.

१८. निकालात गडबड झाली असं वाटतंय. कुठे जायचं?

लिंगडोह चौकटीत प्रत्येक संस्थेत निवडणूक तक्रारींसाठी कक्ष असतो आणि निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत तक्रार करावी लागते. ‘सगळ्यांना माहीत आहे’ चालत नाही. कुठली खोली, किती वाजता, कोण होतं, हे लिहा. छाननीत अर्ज बाद झाला असेल तर थांबू नका. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळी प्रक्रिया दहा दिवसांत उरकायची असते, त्यामुळे बाद झाल्याचं कारण त्याच दिवशी लेखी मागा.

१९. शेवटच्या वर्षाला आहे. आता यातून बाहेरच ना?

परिषदेतून हो, तिची मुदत शैक्षणिक वर्षापुरतीच. विद्यापीठातून नाही. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत, पाच खुल्या आणि पाच राखीव, मुदत पाच वर्षं. पुणे विद्यापीठात या जागांसाठी २० नोव्हेंबर २०२२ ला मतदान झालं. मत पसंतीक्रमाने द्यायचं असतं: फुली न मारता १, २, ३ असे आकडे. टिकमार्क केलेली मतपत्रिका बाद होते.

पदवी मिळाली म्हणून नाव आपोआप यादीत जात नाही. स्वतंत्र अर्ज आणि शुल्क भरून नोंदणी करावी लागते, पदवी प्रमाणपत्राची प्रत आणि पत्त्याचा पुरावा जोडून. कॉटबेसिसचा पत्ता पुरावा म्हणून चालत नाही. घरमालकाशी भाडेकरार नसेल तर गावच्या पत्त्यावर नोंदवा, पण गाव विद्यापीठाच्या तीन जिल्ह्यांत आहे का ते आधी पाहा.